मधली जागा

“केबिन एकेरीच,” मर्ल म्हणाला. “आणि मागचा हौदा आठ फुटी.”

एल्डनचं पेन ऑर्डरच्या कागदावर थबकलं. नेब्रास्काच्या त्या कुरणांच्या मुलखात तो तीस वर्षं पिकअप विकत होता. चार दारांची केबिन मागवणारा दिसला की ‘पाळणा कधी हलतोय?’ असं विचारायची त्याची जुनी खोड. आज मर्ल आणि डार्ला जोडीनं आत आले, मागोमाग तिची दोन मुलं आली, तेव्हाच त्यानं चार दारांचं माहितीपत्रक वर काढून ठेवलं होतं.

“आठ फुटी हौदा मोठ्या केबिनलाही मिळतो की,” तो म्हणाला.

“मग गाडी केवढी लांब होईल! माझ्या कुरणाच्या फाटकात वळायची नाही.”

“फाटक रुंद करता येतं, गड्या.”

मर्ल हसला नाही. हे बोलणं त्यानं आठवडाभर घोटून ठेवलं होतं. गवताचे गठ्ठे, कुंपणाचे खांब, वासरांच्या खाद्याची पोती, सगळं आठ फुटांत नीट बसतं. सहा फुटांत निम्मं बाहेर लोंबतं. त्यानं ते धडाधड म्हणून दाखवलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त त्याला बोलायचं होतं ते हौद्याबद्दल नव्हतंच.

तीन वर्षं तो डार्लाकडे येत-जात होता. ती गावातल्या कॅफेत वाढायचं काम करायची. धाकटा मुलगा पोटात असतानाच तिचा नवरा वारलेला. ऑक्टोबरात मर्लची वासरं विकून झाली की लग्न, असं ठरलं होतं, आणि महिनाअखेरीस भाड्याचं घर सोडते म्हणून तिनं घरमालकाला कळवूनही टाकलं होतं. पण ऑक्टोबर जवळ आला तसा मर्ल कचरू लागला. सत्तेचाळीस वर्षांचा हा गडी आजवर एकटा जेवला, एकटा झोपला. डार्ला त्याला हवी होती. मुलं नको होती. तिच्या तोंडावर तसं सांगायची मात्र छाती नव्हती, कारण मर्ल मुलखाचा भित्रा. तिकडे कोण कुणासाठी जगतो हे लोक त्याच्या गाडीची दारं मोजून ओळखतात. आपण मागची सीट नसलेली एकेरी केबिन मागवली की ती काय ते समजेल, रडेल, रागानं निघून जाईल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा त्याचा बेत होता.

विक्रीच्या दालनाच्या मधोमध चार दारांची एक लालभडक पिकअप उभी होती. नऊ वर्षांची टेस आणि पाच वर्षांचा कोडी कधीच तिच्या मागच्या सीटवर चढून बसले होते. खिडकी कुणाची यावरून त्यांचं चाललं होतं. अखेर टेसनं दोन्ही खिडक्या कोडीला देऊन टाकल्या.

तिचं हे नेहमीचंच. सकाळी डार्लाच्या गाडीतून येताना मागं काहीतरी झालं आणि आंबूस वास सुटला. मर्लनं आरसा वळवून पाहिलं. कोडी पांढराफटक पडला होता. “तो नाही हं ओकला, मर्लकाका,” टेस घाईघाईनं म्हणाली. “माझ्याच हातून दूध सांडलं.” आणि तिनं आपल्या स्वेटरच्या बाहीनं सीट पुसून काढली. मागे एकदा कोडी ओकला, तेव्हा मर्ल संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नव्हता. ते तिच्या लक्षात होतं.

आता डार्ला कागदावरच्या एकेरी केबिनच्या चित्राकडे बघत होती. मर्ल आपल्या टोपीच्या कडेकडे बघत रडण्याची वाट पाहत बसला. रडणं काही आलं नाही.

“सीट कशी असते यात?” तिनं एल्डनला विचारलं. “दोन वेगळ्या, की सलग?”

“सलगही मिळते. तिघं बसतात. मधल्याच्या गुडघ्यांमधे गिअरची दांडी येते, पण लहान अंगाचं कुणी असेल तर…” बोलता बोलता एल्डनची नजर मुलांकडे गेली.

डार्लानं लाल गाडीकडे पाहिलं. आधी एका मुलाकडे, मग दुसऱ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग कॅफेत ऑर्डर घेताना असतो तसल्या आवाजात ती म्हणाली, “सलगच लिहा. मधे कोडी बसेल. टेसला माझ्या सासूबाई ठेवून घेतील. त्या कधीच्या मागतायत तिला.”

मर्लनं पहिल्यांदाच मान वर केली. अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं त्याला ओरडावंसं वाटलं. पण मग काय म्हणायचं होतं, तेही सांगावं लागलं असतं. त्याला मनापासून लाज वाटली, आणि तरीही त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

“काय मर्ल, सलग लिहू ना?” एल्डननं विचारलं. त्याच्या आवाजातली चेष्टा पार गेली होती.

“लिही,” मर्ल म्हणाला.

लाल गाडीची खिडकी उघडीच होती. कोडी आत एकटाच उड्या मारत होता. टेस कधी उतरली, कुणाला कळलं नाही. ती टेबलापाशी येऊन उभी होती. स्वेटरची एक बाही अजून ओली होती. आईकडे तिनं पाहिलंच नाही. मर्लसमोर ताठ उभी राहून ती एकेक शब्द नीट बोलली.

“मर्लकाका, सकाळी दूध नव्हतं सांडलं. कोडी ओकला होता. तो नेहमीच ओकतो. मी कधीच ओकत नाही.”