हरवलेला हातचा

झोम्बाच्या डोंगराखालच्या घरात बसून ताडालाने शेकडो अंकी आकड्यांचा गुणाकार करणारा प्रोग्राम थेट यंत्राच्या भाषेत लिहिला आणि जगातल्या कुणालाही वापरता यावा म्हणून खुला करून टाकला. तो किती झटपट चालतो हे सांगायला गेली की नवरा, लिम्बानी, म्हणायचा, "हो गं बाई, पण ताटातली न्सिमा गार होतेय." बाहेरूनही कुणाचं एक अक्षर आलं नाही. लोक वापरत असतील, उघडून कोण बघतंय?

एका सकाळी ईमेल आली. बोलिव्हियातल्या कुणा अनोळखी माणसाने कळवलं होतं, की प्रोग्रामच्या एका ओळीत अब्जावधी गुणाकारांतून एखाद्याच वेळी हातचा हरवतो आणि उत्तर चुकतं.

ताडालाला रडूच फुटलं. लिम्बानी चहा तसाच टाकून धावत आला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? चूक कुणाचीही होते."

"अरे, ही चूक नुसती वापरून सापडणारी नाहीच," ती डोळे पुसत म्हणाली. "जन्मभर गुणाकार केले तरी दिसली नसती. त्यासाठी ओळ न् ओळ वाचावी लागते. लिम्बानी, कुणीतरी माझं वाचलंय रे!"