नावासकट झेरॉक्स

रसायनशास्त्राची पदवी घेऊन वकिली शिकणाऱ्या प्राचीला पुराव्याशिवाय एक ओळही लिहवत नसे. उन्हाळ्यात रांजणगावच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांना मोफत कायदेशीर मदत करता यावी, म्हणून तिने एका ट्रस्टकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. त्यात, तिथेच एका ठेकेदाराकडे कामाला असलेल्या तिच्या खुटबावच्या पोपटमामांचं मशीनमध्ये बोट तुटल्याचं लिहिलं आणि पुरावा म्हणून त्यांच्या हजेरीकार्डाची झेरॉक्स नावासकट जोडली. ट्रस्टने खातरजमेसाठी ती झेरॉक्स त्या ठेकेदाराकडेच पाठवली. शिष्यवृत्ती मंजूर झाली त्याच आठवड्यात मामांचं काम गेलं. प्राची त्यांच्या सणसवाडीतल्या भाड्याच्या खोलीवर पोचली तेव्हा मामा बोचकं बांधत होते. “या, वकिलीणबाई!” “मामा, चुकलं माझं. नाव झाकायला हवं होतं.” “खोटं थोडंच लिव्हलंस? मंजूर झालं न्हवं?” मामांनी खिशातून हजेरीकार्ड काढून तिच्यापुढे धरलं. “झेरॉक्स कशाला पोरी? ह्येच ठिव. मला आता कुठं दाखवायचंय?”