काळा पडदा

‘फ्लॉईड तुस्कानो’ असं म्हणून प्रिस्का थांबली.

बातमीचे पुढचे शब्द कॅमेऱ्यासमोरच्या प्रॉम्प्टरवर होते. वालीवच्या कारखान्यातल्या स्फोटात मरण पावलेल्या कामगाराचं नाव, वय, गाव. ते तिने वाचले नाहीत. फ्लॉईड तिचा नवरा होता.

त्या दिवशी त्याची सुट्टी होती. ती निघाली तेव्हा तो अंगणात केळीची पानं कापत बसला होता. दुपारी मशीन बंद पडलं म्हणून कारखान्याने त्याला बोलावून घेतलं, हे तिला ठाऊक नव्हतं. स्टुडिओत जाताना फोन बाहेर ठेवायचा, असा वाहिनीचे मालक हरेशभाईंचा नियम होता.

वसई-विरारमध्ये घरोघरी केबलवर संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. आवाज गेला म्हणून कुणी रिमोट शोधला, कुणी टीव्हीच्या पाठीवर थापटी मारली. प्रिस्का बघत होती, पण तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिचे ओठ एकदा हलले. मग अचानक पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

दफनाच्या दिवशी हरेशभाई स्वतः आले. त्यांनी पेटीला खांदा दिला. प्रिस्काच्या सासूच्या पाया पडले. प्रिस्काला बाजूला घेऊन म्हणाले, “बातमी ऐन वेळी आली गं. नाव नीट बघायलाही कुणाला सवड झाली नाही. तू सावकाश ये. खुर्ची तुझीच आहे.”

या शब्दांचा तिला फार आधार वाटला.

पण तोवर ती क्लिप फोनाफोनांवर फिरू लागली होती. ज्यांनी वाहिनीचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांनीही प्रिस्काचं ते गप्प होणं पाहिलं. नातेवाईक सांत्वनाला यायचे आणि ‘आम्ही बघितलं’ म्हणायचे. एका दुपारी तिनेही धीर करून ती पाहिली. एरवी ती टेबलासकट दिसायची. या क्लिपमध्ये तिचा नुसता चेहरा पडदाभर होता. डोळ्यांतलं पाणी गोळा होताना दिसत होतं.

कॅमेऱ्यावर मर्विन होता. तिच्याच गावचा, तिच्याबरोबर शाळेत शिकलेला. त्याला ही नोकरी तिनेच मिळवून दिली होती. हरेशभाईंनी त्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, हे ऐकून तिला बरं वाटलं होतं.

फ्लॉईडच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मर्विन आला. मागच्या बाकावर बसला. मिस्सा संपल्यावर सगळे पांगले, तरी तो चर्चच्या फाटकापाशी उभाच होता. प्रिस्का सरळ त्याच्यापुढे गेली.

“लाज नाही वाटत इथे यायला? माझा नवरा मेला, आणि तू माझ्या तोंडाशी कॅमेरा आणत होतास?”

मर्विनने मान खाली घातली. “आणला. पण तेव्हा तू हवामान वाचत होतीस, प्रिस्का.”

“म्हणजे?”

“ती बातमी नंतर आली. मला काय ठाऊक पुढे काय आहे! नाव मी तुझ्याच तोंडून ऐकलं. आधी माझे हातच हलेनात. मग मीच वायर उपटली. पडदा काळा केला म्हणून मला काढलं.”

प्रिस्काला काही उमजेना. शब्दांची जुळणी करत ती म्हणाली, “हवामान चालू असताना? मग माझा चेहरा जवळ घ्यायला तुला सांगितलं कोणी?”

“हेडफोनवर हरेशभाई बोलले.”

“काय बोलले?”

मर्विन जायला वळला. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला,

“म्हणाले, ‘मर्विन, घे तिला जवळ. पुढच्या बातमीला ती गप्प होणार आहे.’”