कागदावरचं भोक

धनुष्य नीट जुळलेलं असेल तर बाण कागदात गोल भोक पाडतो. ताईच्या नव्या कोऱ्या कंपाउंड धनुष्याने कागद दर वेळी आडवाच फाटायचा. तिने बाणांना नावं ठेवली, दोरी बदलली, शेवटी धनुष्य बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"ताई, मूठ आवळतेयस. सैल धर जरा."

"तुला कागद बदलायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही."

मी कागद बदलला आणि तिचंच धनुष्य सैल मुठीत धरून बाण सोडला. भोक अगदी गोल पडलं.

ताई खूश! "बघ, आधीचे कागदच खराब होते."

उद्याच्या निवडीत जागा एकच होती आणि उमेदवार आम्ही दोघीच.

"हो गं ताई," मी म्हटलं, "कागदच खराब होते."