एकेचाळीस नंबरची वडी

"एकेचाळीस नंबरची वडी बदलली गेलीये. खरं काय ते सांगा."

टेक्निशियनने चष्मा कपाळावर सरकवला. रुग्णांच्या यकृताचे तुकडे मेणाच्या वड्यांत जपून ठेवणं हे त्याचं वीस वर्षांचं काम. "मॅडम, एखाद्या दिवशी जेवणाचा डबा घरी विसरेन, पण वडीवरची चिठ्ठी चुकवणार नाही."

तिला ते पटलं नाही. यकृताचा कर्करोग कशानं झाला, हे ती पेशींतल्या जनुकांवरून शोधत होती. प्रत्येक कारण तिथं आपला ठसा सोडून जातं. इस्पितळाच्या नोंदीप्रमाणे एकेचाळीस नंबर दारूमुळे आजारी पडलेल्यांच्या गटातला होता, पण ठसा निघाला बुरशीचा. ओलसर शेंगदाण्यांवर चढणाऱ्या बुरशीचं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं की उमटतो, तो.

आणि एकेचाळीस नंबर म्हणजे तिचे बाबा होते. हे तिनं प्रयोगशाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबा धान्याच्या गोदामावर पहारेकरी होते. भिंतीला धरधरून घरी यायचे, "बाहेरच खाऊनपिऊन आलोय" म्हणायचे आणि तोंड फिरवून आडवे व्हायचे. अकराव्या वर्षी तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेवटच्या आजारपणात इस्पितळाची पायरीसुद्धा चढली नाही.

तिनं कपाटाची किल्ली टेक्निशियनकडून काढून घेतली. स्वतःच्या हातानं नवा काप घेतला. उत्तर तेच आलं. मग वडी जिथून आली होती, त्या जुन्या इस्पितळाचा तिला संशय आला. तिथल्या कारकुनानं कुरकुरत रजिस्टर काढलं. नाव, तारीख, सही, सगळं जिथल्या तिथं होतं. शेवटी तिनं स्वतःचं रक्त त्या वडीशी ताडून पाहिलं. बापलेकीचंच नातं निघालं.

आता संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं.

रविवारी दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबांना तू काय खायला घालायचीस?"

आईचा हात थांबला. "आज हे कुठून काढलंस?"

"मला उत्तर हवंय."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच घालत नव्हते." आईनं मान वर केली नाही. "घरात शिजायचं ते तुम्हा तिघा भावंडांनाच पुरत नव्हतं. गोदामात झाडताना काळे पडलेले शेंगदाणे निघायचे. ते मुठीनं खाऊन यायचे."

"आणि दारू?"

"थेंबसुद्धा नाही गं. उपाशी बाप समोर बसला तर पोरांच्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून त्यांनीच मला शपथ घातली होती, पोरांना सांग, मी पितो."