बाप्पाखालचे ठोकळे

"मामा, गाडी खाली येतेय!" फोर्कलिफ्टच्या पोटाखालून सदानंद ओरडला. त्याचा हात आत अडकला होता आणि जॅक बोटबोटभर बसत चालला होता. फोरमन केरबामामांनी दांड्यावर सगळा जोर लावला, पण जॅक काही उचलेना.

टेकू द्यायचे बाभळीचे ठोकळे कारखान्याच्या गणपतीखाली होते. चौरंग उंच दिसावा म्हणून मामांनीच ते काल लावले होते. "ठोकळ्यांशिवाय खाली कसा जाऊ?" असं सदानंदनं सकाळी विचारलं, तेव्हा मामाच म्हणाले होते, "बसवलेली मूर्ती हलवत नसतात. दहा मिनिटांचं तर काम, बाप्पा आहे ना!"

मामा धावले. हात जोडायलाही वेळ नव्हता. त्यांनी दोन ठोकळे हिसकून काढले, तसा चौरंग कलंडला. पाठीमागे मूर्ती फुटल्याचा आवाज झाला, पण मामांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी ठोकळे गाडीखाली दोन्हीकडून सारले. लाकूड करकरलं आणि ते तीन टनांचं धूड थांबलं.

हात सोडवून सदानंद सरपटत बाहेर आला. समोर मातीचे तुकडे पाहून त्याचा चेहराच उतरला.

"मामा, हे काय केलंत?"

मामा खाली बसून तुकडे गोळा करू लागले.

"सकाळी करायला हवं होतं, ते."