खुडूक कोंबडीखालची अंडी

भर दुपारी कोठीच्या खोलीत काळोख केला होता. खिडकीवर जाड चादर ठोकली होती, दाराच्या फटीत फडकं कोंबलं होतं. धाकटीनं अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला, एक अंडं काढलं आणि टॉर्चच्या तोंडाशी धरलं.

"काय दिसतंय?" स्टुलावर बसलेल्या अप्पांनी विचारलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून त्यांचे डोळे अधू झाले होते. लेकीला दिसेल ते खरं, असा त्यांचा कारभार होता.

"काहीच नाही, अप्पा. नुसता उजेड."

"आज आठवा दिवस. लाल शिरा दिसायला हव्यात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. असू दे, एखादं कोरं निघतंच. पुढचं घे."

पुढचंही कोरं निघालं. त्याच्या पुढचंही. पाचव्या अंड्याला अप्पा म्हणाले, "टॉर्च नीट धरतेस ना?" सातव्याला ते स्टुलावरून पुढे वाकले.

अंडी त्यांच्याच कोंबड्यांची होती. पाय निकामी झाल्यावर अप्पा लेकीकडे राहायला आले, तेव्हा कोंबड्या थोरल्या मुलाच्या परसात राहिल्या. निघताना त्यांनी मुलाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की खुराडं मोडायचं नाही. थोरला दर रविवारी फोनवर बातम्या द्यायचा. लंगडी पिसं टाकतेय, मास्तरीण कुणाला दाण्याजवळ येऊ देत नाही. अप्पा त्यावर आठवडा काढायचे. मग त्यांच्याच मनात आलं, तिकडची डझनभर अंडी आणू, शेजारणीची खुडूक कोंबडी बसवू, इथंही आपलीच पिल्लं होतील. थोरल्यानं मागताक्षणी अंडी पाठवली होती, भुशात घालून, जपून.

नववं अंडं हातात घेतलं तेव्हा धाकटीच्या बोटाला ते खरखरीत लागलं. एका बाजूला कवच घासलेलं होतं. भांड्यांच्या पावडरीचे पांढरे कण अजून बारीक छिद्रांत बसले होते. तिनं टॉर्च तिरपा केला. पुसट जांभळे आकडे दिसले. तारीख. त्याखाली दुकानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं.

"हे?"

"हेही कोरंच," ती म्हणाली आणि अंडं ॲप्रनच्या खिशात टाकलं. उरलेली तीन तिनं टॉर्चसमोर धरली, पण पाहिली नाहीत. "थांबा, पाणी घेऊन येते."

स्वयंपाकघरात जाऊन तिनं थोरल्याला फोन लावला.

"दादा, कोंबड्या कुठं आहेत?"

"कुठं म्हणजे? परसात."

"शिक्का नीट घासला गेला नाही रे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"अप्पा तुझ्याकडे आले ना, त्याच आठवड्यात दिल्या," थोरला म्हणाला. "तुझ्या वहिनीला तो वास सहन होत नाही. आणि साफसफाई कुणी करायची?"

"दिल्या कुणाला?"

"कोंबड्या कुणाला देतात?"

तिनं ओट्याची कड घट्ट धरली. "मग दर रविवारी त्यांना काय सांगत होतास?"

"त्यांच्या समाधानासाठी गं. तुम्ही अंडी मागितलीत, आता नाही कसं म्हणू? वाटलं, फुटली नाहीत की नाद सोडाल. हे बघ, तू बोलू नकोस त्यांना. खचतील."

तिनं फोन ठेवला. पाण्याचा पेला भरला, ओतून टाकला, पुन्हा भरला. सांगायचं नाही, असं मनाशी पक्कं करूनच ती खोलीत आली.

अप्पांनी स्टुलावरूनच वाकून, चाचपडत अंडी पुन्हा कोंबडीखाली सरकवली होती. कोंबडी अंग फुलवून बसली होती.

"कोंबडा म्हातारा झालाय," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. थोरल्याला सांग, नवा बघ म्हणावं. पण जपून बोल. त्याला लागेल. एवढा जीव लावून करतोय बिचारा."

"सांगते."

"आणि बारावं अंडं कुठंय?"

तिचा हात आपोआप खिशावर गेला.

"अकराच हाताला लागली. मी दोनदा मोजली."

तिनं अंडं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. अप्पांनी ते फिरवलं, घासलेल्या जागी अंगठा थांबला. केसाएवढा स्क्रू बोटांनी ओळखणारा माणूस तो. त्यांनी अंगठा पुन्हा एकदा त्या जागेवरून नेला.

"आता सांग."

"अप्पा, तिथं कोंबडा नाही. काहीच नाही. तुम्ही इकडे आलात त्याच आठवड्यात..."

अप्पांनी मान हलवली, जणू घड्याळात नक्की काय तुटलंय ते सापडलं होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आत्ता! देवाशपथ, आत्ताच कळलं, पाणी आणायला गेले तेव्हा!"

"रविवारचा फोन तूच लावून देतेस," अप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आणि अंडं खिशात होतं."

ती पुढे झाली, पण त्यांनी हातानंच तिला थांबवलं. स्टुलावरून कष्टानं खाली उतरून ते टोपलीपाशी बसले आणि दोन्ही हात कोंबडीखाली घातले. कोंबडीनं चोच मारली. मनगटावर रक्त आलं. त्यांनी हात काढला नाही.

"ऊठ बाई," ते कोंबडीला म्हणाले. "तुझ्याशीही सगळे खोटंच बोलले."